फ्रूट २.१: मोजकंच जाणणारं इंजिन जगात दुसरं कसं आलं

ऑगस्ट २००५ मध्ये आइसलँडच्या रेक्याविकमध्ये संगणकांची जागतिक बुद्धिबळ स्पर्धा भरली. बारा प्रोग्राम, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव. पहिला आला अमेरिकेच्या अँथनी कोझी यांचा 'झाप्पा', आणि तोही इतरांना बरंच मागे टाकून. दुसऱ्या क्रमांकावर होतं फाबियाँ लेतूझे या फ्रेंच प्रोग्रामरचं 'फ्रूट'. त्याच्या मागे राहिलेल्यांत 'श्रेडर' आणि 'ज्युनियर' होते. दोघांच्याही नावावर आधीची जगज्जेतेपदं होती, दोघांमागे कित्येक वर्षांची घोटाई होती. फ्रूटची पहिली आवृत्ती लोकांच्या हाती पडली होती मार्च २००४ मध्ये, म्हणजे जेमतेम दीड वर्ष आधी.

एवढंच असतं तर 'नवा हुशार गडी आला' म्हणून विषय मिटला असता. पण स्पर्धेच्या दोन महिने आधी, जून २००५ मध्ये, लेतूझे यांनी फ्रूट २.१ सोर्स कोडसकट, कुणालाही वाचता-बदलता येईल अशा जीपीएल परवान्याखाली देऊन टाकलं होतं. रेक्याविकला खेळलेली आवृत्ती त्याच्या थोडी पुढची होती आणि ती खुली नव्हती. पण सांगाडा तोच. कोड उघडून बघणाऱ्यांना धक्का बसला तो आत काय आहे याचा नव्हे, तर आत किती कमी आहे याचा. पटावरची स्थिती चांगली की वाईट हे ठरवणारा भाग, म्हणजे मूल्यमापन, एका बैठकीत वाचून होईल इतकाच.

त्या काळची समजूत वेगळी होती. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकाच्या मूल्यमापनात ८,००० हून जास्त वैशिष्ट्यं होती आणि ती खास बनवलेल्या चिपवर कोरलेली होती. व्यावसायिक इंजिनांचे, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामांचे, लेखक आपापलं बुद्धिबळज्ञान कुलूपबंद ठेवत. इंजिन जितकं जास्त जाणेल तितकं जास्त ताकदवान, असं साधारण सगळेच धरून चालत. फ्रूटने हे गृहीतक मोडलं का? माझ्या मते नाही. त्याने प्रश्नच जरा सरकवला: इंजिनाला काय काय माहीत असावं, यापेक्षा त्याला काय माहीत नसलं तरी चालतं?

मूल्यमापन म्हणजे नेमकं काय

बुद्धिबळाचा प्रोग्राम दोन कामं करतो. एक, चालींचं झाड उलगडत जातो: मी हे खेळलो, तो ते खेळला, मग मी हे. याला शोध म्हणू. दोन, झाड कुठेतरी थांबवावं लागतं. थांबल्यावर समोर असलेल्या स्थितीला एक आकडा द्यावा लागतो. तो आकडा देणारं ते मूल्यमापन. सोयीसाठी शंभर गुण म्हणजे साधारण एक प्यादं असं धरतात.

यातलं जुन्यात जुनं सूत्र क्लॉड शॅननचं, १९५० सालचं. वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३, प्यादं १. दुहेरी, मागे पडलेल्या आणि एकट्या पडलेल्या प्याद्यांमागे अर्धा गुण वजा, आणि उपलब्ध असलेल्या प्रत्येक चालीमागे ०.१ गुण जमा. संपलं. गंमत अशी की ५५ वर्षांनंतरचं फ्रूट २.१ या सूत्रापासून फार लांब गेलेलं नाही.

फ्रूटमध्ये मोहऱ्यांच्या किमती आहेत: घोडा ३२५, उंट ३२५, हत्ती ५००, वजीर १०००, दोन्ही उंट शाबूत असतील तर ५० जादा. कोणतं मोहरं कोणत्या घरात बरं याचे तक्ते आहेत. मोहऱ्यांना हलायला किती घरं आहेत त्याचे गुण आहेत. प्याद्यांची रचना, वाट मोकळी झालेली प्यादी, राजावरचा हल्ला, हत्तीला मोकळी उभी पट्टी, आणि अडकलेल्या मोहऱ्यांचे दोनचार ठरलेले नमुने. कोणत्याही क्लबातला बरा खेळाडू हे सगळं तोंडपाठ सांगेल.

तक्ते तर हाताने भरलेलेसुद्धा नाहीत. घोड्यासाठी आठ आकड्यांची एक ओळ आहे: कडेला −४, मग −२, ०, +१, +१, ०, −२, −४. घराच्या उभ्या पट्टीचा आकडा आणि आडव्या ओळीचा आकडा यांची बेरीज करायची आणि पाचाने गुणायचं. कोपऱ्यातला घोडा −४०, मधल्या चार घरांतला +१०. त्यावर पुढे-मागे असण्याचा किरकोळ फरक. चौसष्ट घरांचं ज्ञान आठ आकड्यांत.

हालचालींचा हिशेबही असाच. घोड्याला चार घरं मिळणं हे सामान्य. त्याहून प्रत्येक जादा घराला ४ गुण, कमी असेल तर तितकेच वजा. उंटाला सहा घरं सामान्य, पुढे प्रत्येकी ५. हत्तीला सात घरं सामान्य. डावाच्या पहिल्या भागात प्रत्येकी २ आणि शेवटी ४, कारण पट रिकामा झाल्याशिवाय हत्तीला खरा वाव नसतो. वजिराला तर एकेका घरामागे १ ते २ गुणच. वजिराच्या हालचालीला जास्त भाव दिला की इंजिन त्याला सहाव्या-सातव्या चालीलाच बाहेर काढतं आणि मग समोरची हलकी मोहरी (घोडे-उंट) त्याला हुसकावत स्वतःचा विकास करून घेतात. नवशिक्यांच्या इंजिनांत हे हमखास दिसतं.

राजा कुठे उभा करायचा

हा भाग मी सावकाश मांडणार आहे, कारण फ्रूटची खरी कमाई इथे आहे.

डावाच्या सुरुवातीला राजा कोपऱ्यात, प्याद्यांआड हवा. शेवटी, मोहरी कमी झाल्यावर, तोच राजा पटाच्या मध्यभागी यायला हवा. म्हणजे तक्ते दोन लागणार. प्रश्न एकच: एका तक्त्यावरून दुसऱ्यावर कधी जायचं?

याचं सर्वांत सोपं उत्तर पोलंडच्या तोमाश मिख्न्येव्स्की यांच्या सुलभ मूल्यमापनात दिसतं. नव्याने इंजिन लिहिणारे आजही बहुधा तिथूनच सुरुवात करतात, आणि योग्यच करतात. त्यात राजाचे दोन तक्ते आहेत. मध्यडावाच्या तक्त्यात जी१ घराला (पांढऱ्याचा कोपरा) +३० आणि ई४ ला (पटाचा मध्य) −४०. अंतिम टप्प्याच्या तक्त्यात जी१ ला −३० आणि ई४ ला +४०. दोन्ही वजीर पटावरून गेले की (किंवा वजिरासोबत फार तर एक हलकं मोहरं उरलं की) दुसरा तक्ता लागू. वाचायला अगदी वाजवी वाटतं.

आता हिशेब करा. वजीर आहेत तोवर जी१ वरचा राजा ई४ वरच्या राजापेक्षा ७० गुणांनी बरा. वजिरांची अदलाबदल झाली की तो ७० गुणांनी वाईट. एका मारामारीत १४० गुणांचा पलटा, म्हणजे जवळजवळ दीड प्यादं, आणि पटावर राजा एक घरही हललेला नाही. दोन्ही बाजूंचे राजे सारख्याच जागी असतील तर हे आकडे एकमेकांना छेदतात आणि काही बिघडत नाही. पण एकाचा राजा कोपऱ्यात आणि दुसऱ्याचा थोडा पुढे आलेला असला, की इंजिनाच्या निर्णयावर त्या सीमारेषेचीच सावली पडते. अदलाबदल फायद्याची वाटली तर ते एखादं प्यादं सोडूनही वजीर मारायला धावेल; तोट्याची वाटली तर वजिरांची मारामारी पुढे ढकलण्यासाठी निरर्थक शह देत बसेल.

हा रोग बुद्धिबळाच्या बाहेरही ओळखीचा होता. हान्स बर्लिनर यांच्या 'बीकेजी ९.८' या प्रोग्रामने १९७९ मध्ये माँटे कार्लोला बॅकगॅमन या फाशांच्या खेळाचा जगज्जेता लुइजी व्हिला याला ७–१ असं हरवलं. बर्लिनर यांनी नंतर लिहिलं त्यातला महत्त्वाचा मुद्दा हाच: डावाचे टप्पे पाडून प्रत्येकाला वेगळं मूल्यमापन दिलं, तर प्रोग्राम टप्प्यांच्या सीमेवर वेड्यासारखा वागतो. उपाय म्हणजे सीमा पुसायची आणि गुण हळूहळू बदलत न्यायचे.

फ्रूटने तेच बुद्धिबळात इतकं स्वच्छ करून दाखवलं की पुढे ती सगळ्यांची रीत झाली. प्रत्येक गोष्टीला दोन गुण: एक सुरुवातीचा, एक शेवटाचा. पटावर किती मोहरी उरली त्यावरून डाव किती पुढे गेला हे ठरतं. घोडा १, उंट १, हत्ती २, वजीर ४, प्यादं ०. दोन्ही बाजू मिळून २४. चोवीसच्या चोवीस शिल्लक असतील तर सुरुवातीचा गुण पूर्ण लागू, शून्य असतील तर शेवटाचा, आणि अधेमधे दोन्हींचं प्रमाणशीर मिश्रण.

फ्रूटच्याच तक्त्यातून राजाचं गणित बघा. सुरुवातीच्या गुणांत जी१ ला +५० आणि ई४ ला −३०, म्हणजे कोपरा ८० ने बरा. शेवटाच्या गुणांत जी१ ला −४८ आणि ई४ ला +२४, म्हणजे मध्य ७२ ने बरा. आता दोन्ही वजीर गेले: २४ पैकी १६ उरले. मिश्रण केलं की कोपरा अजूनही साधारण २९ ने बराच. हत्तींची एक जोडी गेली: १२ उरले, कोपरा जेमतेम ४ ने बरा. हलक्या मोहऱ्यांची एक जोडी गेली: १० उरले, आणि आता मध्य ९ ने बरा. राजा चालायला लागतो.

एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाला विचारा, वजीर गेले पण चारही हत्ती आणि सगळी हलकी मोहरी पटावर आहेत, राजा बाहेर काढू का? तो म्हणेल, थांब जरा. फ्रूटही तेच म्हणतं, आणि त्यासाठी त्यात एकही वेगळा नियम लिहिलेला नाही. दोन तक्ते आणि एक सरासरी. आठ हजार वैशिष्ट्यांची चैन नसताना असं शहाणपण फुकटात मिळतं, याला मी उत्तम रचना म्हणतो.

प्याद्याची किंमतही या दुहेरी पद्धतीत ठेवली आहे: सुरुवातीला ७०, शेवटी ९०. सोर्समध्ये त्या ७० शेजारी 'आधी १०० होतं' अशी टीपही राहून गेली आहे. म्हणजे फ्रूटच्या दृष्टीने सुरुवातीचं प्यादं पूर्ण प्याद्याइतकं मोलाचं नाहीच. मोहरी पटापट बाहेर येत असतील तर ते सोडायला हरकत नाही. फ्रूटच्या डावांत जो एक मोकळेपणा जाणवतो त्याचं बरंचसं मूळ या ७० मध्ये असावं असं मला वाटतं.

शोधाला जे दिसतं ते शिकवायचं कशाला

सोपं मूल्यमापन पुरतं यामागे एक कारण आहे, आणि ते जरा उलटं वाटेल असं आहे. १९९४ मध्ये डॉन बील आणि मार्टिन स्मिथ यांनी एक विचित्र प्रयोग प्रसिद्ध केला. झाडाच्या टोकाला असलेल्या स्थितींना मूल्यमापन न करता चक्क यादृच्छिक आकडे द्यायचे. साहजिक अपेक्षा अशी की प्रोग्राम काहीही खेळेल. पण तसं झालं नाही. शोध जितका खोल, तितका तो प्रोग्राम बरा खेळत गेला. कारण असं: ज्या बाजूला जास्त चाली उपलब्ध, तिला जास्त आकड्यांतून सर्वांत मोठा निवडायची संधी. त्यामुळे हालचालींना वाव असलेल्या स्थिती आपोआप वर येतात. म्हणजे नुसत्या शोधाच्या आत बुद्धिबळाचं एक मूलभूत ज्ञान दडलेलं आहे, कोणी न शिकवता.

डावपेचांचं तर उघडच आहे. दुहेरी हल्ला, खिळवणं, उघडा शह, दोनतीन चालींतली मात, हे सगळं शोध स्वतः शोधून काढतो. मूल्यमापनात 'दोन मोहऱ्यांवर एकदम हल्ला असेल तर इतके गुण' असा नियम घातला, तर ते काम दोनदा होतं, आणि प्रत्येक स्थितीला वेळ खर्चून होतं. त्या वेळात आणखी खोल बघता आलं असतं. बेल या बुद्धिबळाच्या यंत्रावर केन थॉम्पसन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या चाचण्यांत, कमी खोलीवर एकेक पायरी जादा बघण्याची किंमत साधारण २०० एलो (खेळाडूची ताकद मोजायचं माप) निघाली होती. दोनशे एलोचा फरक म्हणजे शंभर डावांतले सुमारे ७६ गुण. खोली वाढते तसा हा फायदा घटतो, पण नाहीसा होत नाही.

तेव्हा हातचं ज्ञान खर्चायचं कुठे? जिथे परिणाम शोधाच्या टप्प्यापलीकडे पडतो तिथे. फ्रूटमधला प्रत्येक घटक या कसोटीवर लावून बघा, बहुतेक टिकतात.

अडकलेला उंट हे त्याचं लख्ख उदाहरण. १९७२ साली याच रेक्याविकमध्ये जगज्जेतेपदासाठीच्या फिशर–स्पास्की लढतीचा पहिला डाव. एकोणतिसाव्या चालीला फिशरने काळ्या उंटाने एच२ वरचं प्यादं मारलं. स्पास्कीने जी३ खेळून उंटाची परतीची वाट बंद केली, राजा चालत आला आणि उंट गेला, डावही गेला. आता कमी खोलीचं इंजिन इथे काय बघतं? प्यादं फुकट मिळालं, उंट अजून जिवंत आहे. तो पकडला जाईपर्यंत आणखी काही चाली जातात आणि तोवर झाड संपलेलं असतं. फ्रूटमध्ये नेमका हा नमुना लिहिलेला आहे: काळा उंट एच२ वर आणि पांढरं प्यादं जी३ वर असेल तर १०० गुण वजा, आणि त्याच्या आरशातल्या जागांनाही तेच. मिळालेल्या प्याद्याची किंमत ७० ते ९०, दंड १००. सौदा तोट्याचा. फिशरच्या त्या स्थितीत उंट जाऊनही काळा बरोबरी साधू शकला असता यावर विश्लेषकांनी पुढे पानंच्या पानं लिहिली. फ्रूटच्या एका ओळीला तो बारकावा कळणार नाही. पण शंभरातल्या नव्वद वेळा ती ओळ वाचवते.

वाट मोकळी झालेल्या प्याद्याचंही तसंच. ते वजीर व्हायला अजून सहा-आठ चाली आहेत, शोधाला तेवढं दिसेलच असं नाही. म्हणून गुण. अंतिम टप्प्यात चौथ्या ओळीवर ३२, पाचव्यावर ५६, सहाव्यावर ९२, सातव्यावर १४०. सरळ रेषेत चढत नाहीत, शेवटी वेगाने चढतात. शिवाय समोरचा राजा त्या प्याद्यापासून किती लांब, आपला किती जवळ, यासाठी जोड-वजा. प्यादं कुणालाच अडवता येणार नाही अशी खात्री झाली तर एकदम ८०० गुण.

राजावरच्या हल्ल्याचा हिशेब मला सगळ्यांत आवडतो. राजाच्या लगतच्या घरांवर किती मोहऱ्यांची नजर आहे हे मोजायचं. एकच असेल तर शून्य गुण, मग तो वजीर का असेना. दोन असतील तर त्यांच्या वजनाच्या निम्मे. तीन असतील तर पाऊण. चार असतील तर त्याहून जास्त. घोडा आणि उंट यांचं वजन १, हत्ती २, वजीर ४, आणि एका वजनाला २० गुण. वजीर आणि घोडा मिळून ५० गुण. त्यांना हत्ती येऊन मिळाला की १०५. एका मोहऱ्याने हल्ला होत नसतो, हे प्रत्येक खेळाडू कधीतरी मार खाऊन शिकतो. फ्रूटला ते चार-पाच आकड्यांच्या एका यादीत मिळालं. प्रतिस्पर्ध्याकडे वजीर आणि सोबत आणखी एखादं मोहरं नसेल, तर हा हिशेब करतच नाहीत.

शोधाचं श्रेय किती

इथे हात आखडता घ्यायला हवा. फ्रूटचं यश मूल्यमापनाच्या साधेपणामुळे, असं विधान फार सोपं आहे. फ्रूटचा शोधही तितकाच नेटका होता. आपली पाळी सोडून दिली तरी स्थिती चांगलीच राहते का हे तपासून फांद्या छाटणं त्यात होतंच. शिवाय यादीत पहिल्या तीन चालींच्या नंतर येणाऱ्या, आणि आजवर ज्यांनी क्वचितच काही साधलं अशा शांत चालींना एक पायरी कमी खोलीवर बघायचं, हेही होतं. ही कल्पना एकट्या फ्रूटची नव्हे, पण खुल्या कोडमध्ये ती इतकी वाचनीय रूपात आल्यावर झपाट्याने पसरली.

आणि दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. छाटणी मूल्यमापनाच्या भरवशावर होते. मूल्यमापन चालीगणिक ५०-६० गुणांच्या उड्या मारत असेल, तर छाटणी चुकीच्या फांद्या कापते. फ्रूटचे गुण सावकाश, सलग बदलतात, म्हणून त्याला धीटपणे छाटता आलं असावं. हा माझा तर्क आहे. स्पर्धेच्या निकालातून तो सिद्ध होत नाही.

खरं तर त्या निकालातून फारसं काहीच सिद्ध होत नाही. अकरा डाव म्हणजे काय? एका डावाच्या निकालातला चढउतार साधारण ०.४ गुण धरला, तर अकरा डावांच्या सरासरीत इकडे-तिकडे २४ टक्क्यांची चूक सहज मावते. एलोमध्ये सांगायचं तर पावणेदोनशेच्या आसपास. म्हणजे निव्वळ नशिबाच्या झोतावर कोणी दोन-तीन क्रमांक वरखाली होऊ शकतं. फ्रूटची ताकद पटली ती त्या दुसऱ्या क्रमांकापेक्षा, लोकांनी आपापल्या संगणकांवर खेळवलेल्या शेकडो डावांमुळे.

मूल्यमापन आणि शोध वेगळे काढून बघायचे तर दुसरीकडे वळावं लागतं. रोनाल्ड फ्रीडरिख यांच्या 'रॉफचेड' इंजिनातून आलेलं 'पेस्टो' हे त्यासाठी फार चांगलं उदाहरण. पेस्टोचं मूल्यमापन म्हणजे फक्त तक्ते. प्याद्यांची रचना नाही, राजाची सुरक्षा नाही, हालचालींचे गुण नाहीत, दोन उंटांचा भावही नाही. आहे ते एवढंच: प्रत्येक मोहऱ्याला सुरुवातीचा एक आणि शेवटाचा एक तक्ता, आणि मध्ये तेच २४ वर आधारलेलं मिश्रण. फ्रूटचा सांगाडा, त्यावरचं सगळं मांस काढून. तरीही चांगल्या शोधासोबत ते इतकं जोरदार खेळतं की तक्त्यांपलीकडे बरंच काही लिहिलेली अनेक इंजिनं त्याच्यापुढे टिकत नाहीत.

फरक आहे आकड्यांत. पेस्टोचे आकडे माणसाने अंदाजाने लिहिलेले नाहीत. पेटर ओस्टरलुंड यांनी आपल्या 'टेक्सेल' इंजिनासाठी २०१४ च्या सुमारास मांडलेल्या पद्धतीने, हजारो स्थितींचे निकाल माहीत असताना त्या निकालांशी सर्वांत कमी चूक होईल असे आकडे यंत्राकडून काढलेले. प्यादं ८२ वरून ९४, घोडा ३३७ वरून २८१, उंट ३६५ वरून २९७, हत्ती ४७७ वरून ५१२, वजीर १०२५ वरून ९३६. लेतूझे यांनी प्याद्याला दिलेले ७० आणि ९० आठवा. दिशा अचूक होती. पण शेवटाकडे घोडे-उंटांची किंमत घसरते हे त्यांच्या सपाट ३२५ मध्ये नव्हतं.

यातून मला एक गोष्ट बऱ्यापैकी ठामपणे म्हणावीशी वाटते. साध्या मूल्यमापनाने ताकद कमी होते ती घटक कमी असल्यामुळे तितकी नाही, जितकी आकडे एकमेकांशी बेताल असल्यामुळे. वीस घटक असलेलं पण मनाला येईल तसं गुण वाटणारं इंजिन, सहा घटकांच्या जुळवलेल्या इंजिनाकडून हरतं. अशी इंजिनं लिहिणारे बहुतेक जण नवा घटक घालायला उत्सुक आणि जुन्याचा आकडा तपासायला आळशी असतात.

मर्यादा नाहीत असं नाही. कोंडलेल्या प्याद्यांच्या स्थितीत फ्रूटसारखी मूल्यमापनं गोंधळतात. दोन्ही बाजू काहीच करू शकत नसल्या तरी एकीला +६० दिसत राहतात. एक प्यादं जास्त असूनही न जिंकता येणारे शेवट असंख्य आहेत. विरुद्ध रंगाच्या घरांवरचे उंट असतील तर आघाडी निम्मी करायची, अशा काही सवलती फ्रूटमध्ये होत्या, पण त्या ठिगळांसारख्याच.

पुढे काय झालं

फ्रूट २.२ व्यावसायिक झालं. खुल्या २.१ वर टॉमस गाक्श यांनी 'टोगा' उभं केलं. डिसेंबर २००५ मध्ये वासिक रायलिच यांचं 'रिब्का' आलं आणि काही महिन्यांत सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संगणक खेळ संघटनेने रिब्काची २००७ ते २०१० ची विजेतेपदं काढून घेतली. आरोप होता फ्रूट आणि 'क्राफ्टी' या आणखी एका इंजिनातून उचलेगिरीचा. तपास करणाऱ्यांचा एक प्रमुख मुद्दा घरांच्या तक्त्यांचा होता: फ्रूटची तीच सूत्रं घ्या, गुणक बदला, रिब्काचे तक्ते तयार होतात. रायलिच यांनी आरोप मान्य केला नाही आणि त्यावर आजही दोन तट आहेत. पण इंजिनातला सर्वांत साधा भाग, आठ आकड्यांची ती ओळ, बोटांच्या ठशासारखी पुरावा म्हणून पुढे आली, याची मला मौज वाटते.

दोन गुणांची जोडी आणि त्यांचं मिश्रण 'स्टॉकफिश' या खुल्या इंजिनानेही वापरलं, आणि वर्षानुवर्षं त्यावर शेकडो घटक रचले. सप्टेंबर २०२० च्या स्टॉकफिश १२ मध्ये यू नासू यांनी मुळात शोगीसाठी (जपानी बुद्धिबळ) बनवलेलं, साध्या प्रोसेसरवर वेगाने चालणारं मज्जाजाल (न्यूरल नेटवर्क) आलं, आणि २०२३ मध्ये हाताने लिहिलेलं मूल्यमापन कोडमधून पूर्णच काढलं गेलं. आता तिथे वाचण्यासारखं काही उरलेलं नाही; कोट्यवधी आकडे आहेत, पण त्यांतला कोणता राजाबद्दल बोलतो हे सांगता येत नाही.

म्हणून ज्याला हे सगळं हाताळून समजून घ्यायचं आहे त्याने आजही फ्रूट २.१ चा कोड उतरवून घ्यावा. सी प्लस प्लस येत असेल तर तो गोष्टीसारखा वाचता येतो. मग एकेक घटक शून्य करून मूळ आवृत्तीशी खेळवावा. आधी राजावरचा हल्ला काढा, मग मोकळी प्यादी, मग हालचाली; आणि सगळ्यात शेवटी मिश्रण काढून वजीर गेले की तक्ता बदलणारी कठोर अट घाला. डावांची संख्या मात्र कमी ठेवू नका. शंभर एलोचा खड्डा तीस-चाळीस डावांत कळतो, पण दहा एलोचा फरक खरा की भास हे ठरवायला जवळपास तीन हजार डाव लागतात. एका साध्या लॅपटॉपवर, चालीमागे सेकंदाचा जेमतेम दहावा भाग देऊन, ते काही रात्रींत उरकता येतात.